कान आधी, पेन्सिल मागून: कवितेचं वृत्त, यमक आणि घाट ओळखण्याची रीत

कवितेचं वृत्त ओळखायला सांगितलं की पोरं आधी गणांचा, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या लघु-गुरू गटांचा, तक्ता उघडतात आणि तिथंच फसतात. तक्त्याचा दोष नाही. तक्ता कागदावरचं अक्षर पाहतो, आणि कविता तोंडात असते. आपल्याकडे तर जास्तच. जात्यावरची ओवी, भुलाबाईचं गाणं, सप्त्यातला अभंग, खंजिरीवरचं भजन, हे सगळं विदर्भातल्या गावांनी कागदाच्या आधी कानांनी सांभाळलं. म्हणून खाली जी रीत सांगतो तिचा मूळ नियम एकच आहे: लिहिलेलं मोजू नका, म्हटलेलं मोजा. बाकी सगळे बारकावे.

कॉलेजात मराठी घेतलेल्यांना ही रीत परीक्षेपुरती चालेल. शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलांच्या कविता तपासणाऱ्या गुरुजींना, बाईंना आणि स्वतः ओळी जुळवणाऱ्यांना ती रोजच उपयोगी पडेल. लागतं काय? एक रेघी वही, पेन्सिल, खोडरबर आणि जमलंच तर मोबाइलवर आवाज टिपायची सोय. पेन घेऊ नका, खुणा खूपदा बदलाव्या लागतात. पुढच्या बऱ्याच ओळी मी या लेखापुरत्या जुळवल्या आहेत. त्यांची थोरवी शोधू नका, मापाचा नमुना म्हणून वापरा.

आधी म्हणा

कविता मोठ्यानं म्हणायची. पहिल्यांदा बोलल्यासारखी, अर्थ लावत. दुसऱ्यांदा जरा लांबवून, पण कुठलीही ओळखीची चाल न लावता. तिसऱ्यांदा टाळीवर किंवा टिपरीवर. भुलाबाईच्या गाण्यात टिपऱ्या जशा ठरावीक अंतरानं पडतात, तशा या ओळीवर पडतात का, एवढंच पाहायचं. पडत असतील तर कुठल्या अक्षरावर पडतात ते पेन्सिलीनं टिंब देऊन ठेवा.

चाल न लावण्याचं कारण आहे. भजनी मंडळातले गायक हुशार असतात. ओळीत दोन मात्रा कमी पडल्या तर ते आलाप घेऊन भरून काढतात, जास्त झाल्या तर दाबून टाकतात. चालीत ऐकलेली कविता नेहमी निर्दोषच वाटते. मोजायला बसायचं तर चाल उतरवून ठेवावी लागते.

मग उतरवा, पण छापल्यासारखी नाही

छापखाना जागा वाचवतो, त्यामुळे पुस्तकातली ओळ आणि कवितेचा चरण एकच असतील असं नाही. तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग बहुतेक ठिकाणी दोन ओळींत छापतात: ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’. आता म्हणताना जिथं थांबता तिथं तोडा:

सुंदर ते ध्यान (६)
उभे विटेवरी (६)
कर कटावरी (६)
ठेवोनिया (४)

बसला की मोठा अभंग. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात: विटेवरी, कटावरी. छापलेल्या दोन ओळींकडे पाहून यमक शोधणारा ‘विटेवरी’ आणि ‘ठेवोनिया’ जुळवत बसतो आणि शेवटी ‘यमक नाही’ असं लिहून मोकळा होतो. अर्धी चूक या उतरवण्याच्या पायरीवरच होते, म्हणून तिला वेळ द्या.

अक्षरं मोजा

एक स्वर म्हणजे एक अक्षर. ‘त्या’ एकच अक्षर, ‘क्ति’ एकच, ‘र्त्स्न्या’ कुठं आलं तरी एकच. पाय मोडलेलं व्यंजन वेगळं मोजायचं नाही.

अडचण येते ती न उच्चारलेल्या ‘अ’ची. आपण बोलताना ‘करतो’ला ‘कर्-तो’ म्हणतो, म्हणजे कानाला दोनच तुकडे ऐकू येतात. कवितेच्या हिशेबात मात्र ती तीन अक्षरं: क, र, तो. ‘घर’ दोन, ‘वावर’ तीन. अभंग-ओवी म्हणताना आपण हा ‘अ’ नकळत पूर्ण म्हणतोच, म्हणजे नियम कानाच्या विरुद्ध नाही. फक्त रोजच्या बोलण्याच्या घाईत तो लपलेला असतो.

आता हा नमुना घ्या:

वावरात तूर उभी,
शेंगा लागल्या भरून;
बांधावर बसे माय
डोई पदर धरून.

बोटांवर मोजा. चारही ओळींत आठ-आठ अक्षरं. मात्रा मोजल्या (त्या कशा मोजायच्या ते पुढं येतंच) तर हिशेब येतो १२, १३, १२, ११. शेवटचं अक्षर लांबवून धरायची सवलत दिली तरी १२, १४, १३, १२. म्हणजे मात्रा सारख्या नाहीत, लघु-गुरूंचा (हलक्या-जड अक्षरांचा) क्रमही सारखा नाही, सारखी आहे ती फक्त अक्षरसंख्या. असं आढळलं की ते अक्षरछंदात आहे असं बेधडक लिहा. आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांना शेवटी यमक असेल तर तो छोटा अभंग: ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’. आमच्या नमुन्यात यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहे, म्हणून त्याला अष्टाक्षरी म्हणणं जास्त बरोबर.

छंदातली कविता म्हणताना प्रत्येक अक्षर जवळपास सारख्याच लांबीनं म्हटलं जातं. ‘डोई पदर’मधला ‘डो’ आणि ‘प’ यांत गाताना फारसा फरक राहत नाही. म्हणून इथं लघु-गुरूची खूण करण्यात वेळ घालवायचा नाही. पुष्कळ जण अभंगाचेही गण पाडून दाखवतात. त्याला काही अर्थ नाही.

लघु-गुरू: इथं घाई नको

अक्षरसंख्या जुळली नाही किंवा जुळूनही कान अजून काहीतरी ऐकत असेल, तर या पायरीवर या.

मूळ नियम सोपा. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व. ते ज्यात असतील ते अक्षर लघु, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर गुरू, दोन मात्रा. स्पष्ट अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षरही गुरू: ‘संसार’मधला ‘सं’. बोलीतलं ‘केलं’, ‘गेलं’ यातलं शेवटचं अक्षर गुरूच धरायचं, म्हणजे ‘केले’ आणि ‘केलं’ दोन्ही चार मात्रांचे. जुन्या छपाईत ‘जनीं’, ‘घरीं’ असे अनुस्वार दिसतात. तिथं अक्षर आधीच दीर्घ असल्यानं काही बिघडत नाही.

लघु अक्षर लिहिताना ‘ल’ आणि गुरू लिहिताना ‘गा’ अशी खूण करा. पुस्तकात चंद्रकोर आणि आडवी रेघ दिसेल, पण ल-गा म्हणता येतं आणि म्हणता आलं की चूक लगेच कळते.

आता जोडाक्षर. संस्कृतातला नियम म्हणतो, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. मराठीत हा नियम अर्धाच चालतो, आणि सगळ्यात जास्त गुण इथंच जातात. मराठीत आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. आघात ओळखायचा कसा? शब्द सावकाश म्हणा. जीभ त्या व्यंजनावर दुप्पट टेकते का पाहा. ‘सत्य’ म्हणताना ‘सत्त्य’ होतं, ‘विद्या’ म्हणताना ‘विद्द्या’. आधीचं अक्षर गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना जीभ थांबतच नाही, ‘तु’ लघु.

एकाच अक्षरांनी लिहिलेली एक जोडी पाहा. ‘पोरगा पुण्याला गेला’ यातला ‘पु’ हलका, लघु. ‘त्याच्या पुण्याला सीमा नाही’ यातला ‘पु’ जड, गुरू. कागदावर शब्द एकच. मोजमाप कानानं करायचं म्हणतो ते यासाठी.

काही ठोकळ ओळखी पाठ करून ठेवल्या तर काम लवकर होतं. न्ह, म्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह यांच्या आधीचं लघु अक्षर मराठीत लघुच राहतं: पुन्हा, तुम्ही, उन्हाळा, पऱ्हाटी. डोळ्याच्या पापणीसारखा लिहिलेला अर्धा ‘ऱ’ आधीच्या अक्षराला जड करत नाही (दुसऱ्या, बिचाऱ्या), पण डोक्यावरचा रफार करतो (सर्व, वर्ग, कर्ज). घरच्या, बसल्या, रित्या, अशा विभक्तीच्या किंवा सामान्यरूपाच्या ‘-या’नं झालेल्या जोडाक्षरात आघात सहसा नसतो. आणि जोडाक्षर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असेल तर मागच्या शब्दातल्या शेवटच्या लघु अक्षरावर त्याचा भार पडत नाही.

हा शेवटचा मुद्दा समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकात ताडून पाहा: ‘जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावे’. ‘सोडूनि’तला ‘नि’ ‘द्या’च्या आधी आला आहे. त्याला गुरू केलात तर ओळ मोडते. लघु ठेवलात तर लगागा लगागा लगागा लगागा असा चार वेळचा ठेका बिनचूक मिळतो. समर्थांनी मराठी कान वापरला. तुम्हीही तोच वापरा.

आणखी दोन सवलती. चरणातलं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गरजेप्रमाणे गुरू धरता येतं, कारण तिथं आपण थांबतो. आणि कवी ‘जरी’चं ‘जरि’, ‘परी’चं ‘परि’ करतात. ती शुद्धलेखनाची चूक नसते, मात्रेचा हिशेब असतो. उतरवून घेताना असे ऱ्हस्व ‘दुरुस्त’ करू नका.

मात्रा आणि टाळी

पुन्हा एक नमुना:

पाणी आले, भिजली माती;
तिफण धरावी कोणा हाती?
रिता गोठडा, दावे सुटले;
बाप म्हणाला, सारे मिटले.

अक्षरं मोजली तर ९, १०, १०, १०. जमत नाही. मात्रा मोजा. पा-णी-आ-ले आठ, भि-ज-ली-मा-ती आठ, एकूण सोळा. दुसरी ओळ: ति-फ-ण-ध-रा-वी आठ, को-णा-हा-ती आठ. तिसरी आणि चौथीही सोळा. चौथीत ‘बाप म्हणाला’मधल्या ‘म्ह’नं ‘प’ला जड केलं नाही हे ध्यानात घ्या. सोळा मात्रा, आठ-आठचे दोन भाग: हे पादाकुलक. मराठी बालगीतांत आणि साध्या कथनकवितेत तुम्हाला ते पावलोपावली भेटेल. मात्रा सारख्या पण अक्षरं कमी-जास्त, अशा सगळ्या रचनांना मात्रावृत्त किंवा जाती म्हणतात.

मघाचा ‘करतो’ इथं आठवा. क-र-तो म्हटलं तरी १+१+२, चार. कर्-तो म्हटलं तरी २+२, चार. अक्षरांचा हिशेब बोलण्यानं बदलतो, मात्रांचा तितका बदलत नाही. मात्रावृत्त बोलीला जवळचं वाटतं त्याचं एक कारण हेच.

आता दर चार मात्रांना एक टाळी देत वाचा. पाणी । आले । भिजली । माती. सरळ. तिफण ध । रावी । कोणा । हाती. शब्द तुटला तरी अक्षर तुटलं नाही, टाळी बसली. तिसरी ओळ घ्या: रि एक, ता दोन, आणि चौथी मात्रा ‘गो’च्या पोटात संपते. टाळी ‘गो’च्या मधोमध पडते. बेरीज बरोबर आठच आहे, पण ठेका ३-३-२ झाला: रिता । गोठ । डा. पुढच्या ‘दावे सुटले’ला तो पुन्हा ४-४ वर येतो. चार ओळींत ठेका अडखळतो तो एकाच ठिकाणी, रिकाम्या गोठ्यापाशी. विश्लेषणात लिहायची गोष्ट ही. ‘या कवितेत पादाकुलक वृत्त आहे’ एवढं कोणीही लिहील. ठेका कुठं आणि कशापाशी बदलला ते सांगणारा परीक्षकाच्या लक्षात राहतो. (अर्थात, दर अडखळण्यामागं अर्थ असतोच असं नाही. बऱ्याचदा कवीला दुसरा शब्द सापडलेला नसतो. अर्थाशी सांधा जुळत असेल तरच तसं म्हणा.)

आर्या आणि गीती या दोन मात्रावृत्तांचं गणित पाठच करावं लागतं. आर्येच्या चार चरणांत १२, १८, १२, १५ मात्रा. गीतीत १२, १८, १२, १८. सरावाला एक गमतीची ओळ देतो, परंपरेनं चालत आलेली: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’. स्वतः मोजून पाहा. बारा, अठरा, बारा, अठरा. आर्येची थोरवी सांगणारी ही ओळ खुद्द गीतीत आहे.

गण पाडणं

अक्षरसंख्याही सारखी आणि लघु-गुरूंचा क्रमही ओळीओळीला तोच, असं दिसलं तर ते अक्षरगणवृत्त. आता तक्ता काढायला हरकत नाही. तक्ताही नको, ‘यमाताराजभानसलगा’ एवढं पुरे. ज्या गणाचं रूप हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं घ्या. य गण म्हणजे ‘यमाता’: ल-गा-गा. र गण ‘राजभा’: गा-ल-गा. न गण ‘नसल’: तिन्ही लघु.

नमुना:

उन्हाने जळाली पऱ्हाटी उभी रे
धन्याच्या घरी दीप लागे कधी रे

संस्कृत नियम डोळे मिटून लावला तर ‘उन्हाने’तला ‘उ’, ‘पऱ्हाटी’तला ‘प’, ‘धन्याच्या’तला ‘ध’ तिन्ही गुरू होतील आणि हाती काहीच लागणार नाही. कानानं घेतलं तर तिन्ही लघु, आणि पहिली ओळ शब्दागणिक सुटी होते: उन्हाने । जळाली । पऱ्हाटी । उभी रे. य य य य, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, फक्त तिथं गण शब्दांच्या मधून जातात: ‘मना स । ज्जना भ । क्तिपंथे । चि जावे’. गण पाडताना शब्द तुटला म्हणून घाबरू नका.

नावांचं म्हणाल तर पाच-सहा वृत्तं ओळखीची असली की भागतं. वसंततिलका चौदा अक्षरांचं (त भ ज ज ग ग), मालिनी पंधराचं (न न म य य), मंदाक्रांता सतराचं (म भ न त त ग ग), शार्दूलविक्रीडित एकोणीसचं (म स ज स त त ग). मोठ्या वृत्तांत मधला थांबा, म्हणजे यती, मोजायला विसरू नका. मंदाक्रांतेत तो चौथ्या आणि मग दहाव्या अक्षरानंतर येतो. नाव आठवलं नाही तर ल-गा मांडून ठेवा आणि पुढं चला.

वऱ्हाडी कविता प्रमाण करून मोजू नका

हे वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागातल्या कविता तपासताना शिकलेली माणसंच ही गल्लत करतात. बोलीतली कविता हातात आली की आधी मनात तिचं प्रमाण मराठी करतात आणि मग मोजतात. त्यानं सगळा हिशेब सांडतो.

‘होता’ चार मात्रांचा. ‘व्हता’ तीन मात्रांचा. ‘आहे’ चार, ‘हाय’ तीन. अक्षरं मात्र दोन्हींत दोनच. म्हणजे अष्टाक्षरी कवितेत ‘हाय’च्या जागी ‘आहे’ घातलं तर छंद टिकेल, पण पादाकुलकात एक मात्रा वाढून ठेका मोडेल. ‘म्हणून’ तीन अक्षरांचा आणि ‘म्हून’ दोनचा. इथं छंदही मोडतो. ‘तुह्या’तला ‘तु’ लघु, ‘तुझ्या’सारखाच, पण ‘माह्या’तला ‘मा’ मुळातच दीर्घ.

यमकात तर बोलीनं वेगळीच दारं उघडतात. ‘काळा’ आणि ‘माया’ जुळत नाहीत. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो आणि तो ‘माया’शी चपखल बसतो. ‘डोया’ आणि ‘गोया’, ‘पानी’ आणि ‘कहानी’ हीसुद्धा तशीच. मुलानं ‘डोया’ लिहिलं म्हणून लाल शाईनं ‘डोळा’ केलं की त्याचं यमक तुम्ही मारलं. आधी त्याला म्हणून दाखवायला सांगा, मग शाई उघडा.

यमक

चांगल्या यमकाची कसोटी: शेवटचं अक्षर स्वरासकट तेच, आणि त्याच्या आधीचा स्वरही तोच. माती-हाती: ‘ती’ समान, आधीचा ‘आ’ समान, पक्कं. भरून-धरून: पक्कं. माती-रीती: फक्त ‘ती’ जुळते, आधी ‘आ’ आणि ‘ई’; कच्चं. सुटले-मिटले: ‘ले’, त्याआधीचा ‘अ’ आणि वर ‘ट’सुद्धा, नियमापेक्षा थोडं जास्तच.

खूण करायची ती ओळीच्या शेवटी: पहिल्या यमकाला क, वेगळं आलं की ख. आमच्या पादाकुलकाच्या चार ओळी क क ख ख. तुरीची अष्टाक्षरी क ख ग ख. एवढं मांडल्यावर एक पाऊल पुढं जा आणि यमक कशाचं आहे ते पाहा. करतो-मरतो, आला-गेला ही क्रियापदांची यमकं स्वस्त. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यानं ती आपोआप पडतात. घरात-दारात हे विभक्तीचं यमक. नाम आणि क्रियापद, किंवा दोन लांबच्या गोष्टी यमकानं शेजारी आल्या असतील (माती आणि हात, तूर भरणं आणि पदर धरणं) तर तिथं कवीनं काहीतरी कमावलं आहे. ओळीच्या मध्ये आलेलं यमक, अनुप्रास, पालुपद हे वेगळे नोंदवा. पालुपदाची मात्रासंख्या कडव्याहून निराळी असू शकते, ती कडव्यात मिसळू नका.

घाट

माप आणि यमक हाती आलं की घाट, म्हणजे रचनेचा साचा, बहुतेक वेळा आपला आपण उघड होतो. दोन-तीन घाटांत मात्र लोक अडतात.

ओवी त्यातली पहिली. ग्रंथातल्या ओवीला चार चरण: पहिल्या तिघांना एकच यमक, चौथा आखूड आणि मोकळा. अक्षरसंख्या कमी-जास्त चालते.

नांगरोनि ठेविले रान । चाड्यावरी लागले ध्यान ।
आभाळ देईना कान । हाकेलागी ॥

नऊ, नऊ, आठ, चार. ‘साडेतीन चरणांची ओवी’ म्हणतात ती अशी. आपल्या गावांत या घाटाचा सर्वांत ओळखीचा ग्रंथ म्हणजे तुकडोजी महाराजांची ग्रामगीता: ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. सरावाला यापेक्षा मोठं रान मिळायचं नाही. कुठलंही पान उघडा, चौथा चरण आखूड होताना पाहा आणि तिथं वाक्य संपतं की पुढच्या ओवीत सांडतं ते टिपा. रिद्धपूरच्या महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, तेराव्या शतकातले. तेही आधी गायले गेले. जात्यावरची ओवी मात्र ग्रंथाच्या मापानं तोलू नका. तिचा ठेका जात्याच्या फेऱ्यावर असतो, आणि ‘गं बाई’, ‘वो माय’ हे भरतीचे शब्द गळ्याच्या सोयीनं येतात-जातात.

गझल हा दुसरा. मराठी गझलेला ज्यांनी बळ दिलं ते सुरेश भट अमरावतीचे, त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ नावाची पुस्तिकाच नवोदितांसाठी लिहिली. त्यामुळे आपल्याकडे गझल लिहिणारे खूप, आणि नुसत्या द्विपदींना गझल म्हणणारे त्याहून जास्त. तपासायचं ते असं: सगळ्या ओळी एकाच वृत्तात आहेत का, पहिल्या द्विपदीच्या, म्हणजे मतल्याच्या, दोन्ही ओळींत आणि पुढं प्रत्येक शेराच्या, म्हणजे द्विपदीच्या, दुसऱ्या ओळीत काफिया (जुळणारा शब्द) आणि रदीफ (त्यामागून तसाच परत येणारा शब्द) पाळला आहे का, आणि प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहतो का. वरच्या पऱ्हाटीच्या दोन ओळी मतला म्हणून घेतल्या तर ‘रे’ हा रदीफ आणि ‘उभी’, ‘कधी’ हे काफिये. त्यांत व्यंजन जुळत नाही, फक्त ‘ई’ जुळते, म्हणून तो स्वरकाफिया. पुढच्या शेरात ‘नदी रे’ चालेल, ‘घरे रे’ चालणार नाही.

सुनीत असेल तर चौदा ओळी आणि विचाराला कुठं वळण बसलं ते शोधा. मूर्तिजापूरचे कवी अनिल यांनी दहा ओळींची दशपदी रुजवली. तीही ओळी मोजल्या की ओळखता येते. चारोळीबद्दल फार लिहिण्यासारखं नसतं.

उरला मुक्तछंद. तोही अनिलांनीच मराठीत जोमानं चालवला. इथं ‘वृत्त नाही, यमक नाही’ असं दोन शब्दांत उरकू नका. ओळ कुठं तोडली आहे आणि तोडल्यामुळे कुठल्या शब्दावर जोर आला. कुठला शब्दगट परत परत येतो. लांब ओळींनंतर अचानक एक-दोन शब्दांची ओळ कुठं पडते. मध्येच एखादी ओळ आठ अक्षरांची किंवा सोळा मात्रांची होऊन जुन्या छंदाची आठवण देते का, एवढं पाहा. आणि मुक्तछंद व फसलेलं वृत्त यांत गोंधळ नको. दहांपैकी आठ ओळी सोळा मात्रांच्या आणि दोन पंधरा-सतराच्या असतील, तर ते पादाकुलक आहे आणि दोन ओळी दुरुस्तीला आल्या आहेत. कवीला तसं स्पष्ट सांगावं, ओळ दाखवून.

लिहायचं कसं

टिपण लहान ठेवा. पादाकुलकाच्या नमुन्यावर मी असं लिहीन: ‘चार ओळी, प्रत्येकी सोळा मात्रा, आठ मात्रांनंतर थांबा, पादाकुलक जाती. यमक क क ख ख, दोन्ही पक्की. ठेका चार-चार मात्रांचा, फक्त तिसऱ्या ओळीत “रिता गोठडा” इथं ३-३-२ होतो; पेरणीच्या उत्साहातून तुटीकडे वळण इथंच आहे. पहिल्या जोडीत यमक नामांचं, दुसऱ्या जोडीत क्रियापदांचं. गोष्टी संपून नुसत्या घटना उरतात.’ शेवटच्या वाक्याशी तुम्ही सहमत नसाल तर खोडा, पण त्याआधीची वाक्यं कोणालाही मोजून ताडता येतात. क्रम हाच ठेवा: आधी मोजता येतं ते, मग त्यावरचं मत.

घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून ओव्या उतरवून घ्यायच्या असतील तर एक काळजी घ्या. विचारून मोबाइलवर टिपा, आणि तीच ओवी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायला सांगा. सांगून म्हटलेली आणि दळता-कांडताना म्हटलेली ओवी वेगळी येते. जातं नसेल तर हातात सूप द्या. दोन्ही ध्वनी शेजारी ठेवून जे शब्द दोन्ही वेळा तेच राहिले ते ओळीत लिहा, आणि जे बदलले किंवा मध्ये भरले गेले ते समासात. अक्षरं मोजायची ती ओळीतली.